दोनशे बारा खोल्या

चावीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या काखोटीला एक पाय होता.

गुडघ्याखालचा पाय, पारदर्शक प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. बाहेर सकाळपासून पाऊस रिपरिपत होता. इस्पितळाच्या मागच्या दाराशी तो उभा होता, केस चपचपीत ओले, खांद्यावरून पाणी निथळतंय, आणि काखेतलं पुडकं मात्र कोरडं ठणठणीत. चावी तळघराचा जिना चढून घाईघाईने वर आली आणि त्याच्यावर आदळता आदळता राहिली.

“तिसरा वॉर्ड कुठे आला?” त्याने विचारलं. “तिघांना विचारलं. तिघांनी तीन वाटा सांगितल्या.”

“मग चौथी मी सांगत नाही,” ती म्हणाली. “चला, सोडते.”

चावी हे काही तिचं खरं नाव नव्हे. इस्पितळातली सगळी कॉम्प्युटर मशीनं तिच्या ताब्यात, सगळ्यांचे विसरलेले पासवर्ड तिच्याकडे, त्यामुळे कुणाचं काही अडलं की ‘चावीला बोलवा’ अशी हाक जायची. दोन वर्षांत नाव असं चिकटलं की पगाराच्या दिवशी तिला तिच्या खऱ्या नावाने पुकारलं तर तीच क्षणभर इकडे तिकडे बघायची.

तिसऱ्या वॉर्डात खिडकीजवळ टायपिंगच्या बाई होत्या. चाळीस वर्षं त्यांनी मुलींना टायपिंग शिकवलं, आणि साखरेच्या आजाराने त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तीन महिने त्या या पायाची वाट बघत होत्या. त्याला येताना पाहिलं आणि त्यांनी पलंगाखालून नव्या बुटांचं खोकं काढून मांडीवर ठेवलं.

त्याने प्लास्टिक सोडलं. बाई बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “अहो… माझा डावा शाबूत आहे.”

अंगठा नको त्या बाजूला होता.

 चावीला वाटलं, आता हा आमच्या माणसांवर ढकलेल. चूक इस्पितळाचीच होती. कार्यशाळेला पाठवायची चिठ्ठी लिहिणाऱ्याने समोर उभं राहून, आपल्याला दिसेल तसं डावं-उजवं लिहून टाकलं होतं. पण तो खाली बसला, बाईंच्या पायाच्या उरलेल्या टोकावरून दोन बोटं फिरवली, आणि म्हणाला, “साचा हातात घेतला तेव्हाच मला शंका आली होती. तरी चिठ्ठीवर विश्वास ठेवला. चूक माझी आहे. आठ दिवस द्या मला.”

बाईंनी खोक्याचं झाकण लावलं. लावताना झाकण दोनदा तिरकं बसलं, ते त्या दोघांनीही पाहिलं आणि दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

जिन्यात चावीने विचारलं, “शंका आली होती तर विचारलं का नाही?”

“सात वेळा फोन केला. शेवटी एकाने उचलला, तो म्हणाला, चिठ्ठीत असेल तेच.”

तळघरातल्या तिच्या खोलीला एका बाजूने धोबीखान्याची भिंत होती. हिवाळ्यात ती भिंत ऊबदार असायची आणि खोलीभर इस्त्रीचा वास असायचा. तिने त्याला त्या भिंतीला पाठ लावून बसवलं, चहा दिला. तो पुलापलीकडच्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत, इस्पितळातून आलेल्या साच्यांवरून पाय घडवायचा. सगळे त्याला साचेवालाच म्हणत. कार्यशाळेत तिघंच उरले होते. चामड्याचे पट्टे शिवणारे चामडेकाका, पावलं कोरणारे लाकूडकाका आणि हा. “मी त्यातल्या त्यात तरुण, म्हणून कॉम्प्युटरही माझ्याच गळ्यात,” तो म्हणाला.

“कसला कॉम्प्युटर?”

मग कळलं की कार्यशाळेतही आपसात बोलायला एक चॅट होती, कुणा कंपनीची नव्हे, त्यांच्याच कपाटातल्या एका जुन्या मशीनवर चालणारी. प्रत्येक रुग्णाची तिच्यात वेगळी रूम. ते तिला खोली म्हणत. पाय कुठे टोचतो, पट्टा कुठे सैल पडतो, सगळं त्या त्या खोलीत लिहिलेलं. चावीने कप खाली ठेवला. तिच्या मागे लुकलुकणाऱ्या मशीनवर इस्पितळाची चॅटही तशीच, त्याच खुल्या प्रोटोकॉलवर चालत होती. वेगवेगळ्या मालकांच्या मशीनांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे तेच नियम, जे कुणी एकाने आपल्या खिशात घातलेले नाहीत.

“म्हणजे आपली मशीनं एकाच भाषेत बोलतात,” ती म्हणाली, “आणि आपण चिठ्ठ्या पाठवतोय.”

“एकमेकांना ओळखत नव्हती ना,” तो म्हणाला. “ओळख करून द्यायला कुणीतरी हवं.”

बोलताना तो भिंतीच्या उबेकडे आणखी सरकला. त्याचे हात प्लास्टरने पांढुरके झालेले, नखांच्या कडांत ते कायमचं बसलेलं. ती त्या हातांकडे उगाचच जरा जास्त वेळ बघत राहिली.

परवानगी प्रशासक मॅडमकडून काढायची होती आणि मॅडम सहजासहजी हो म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. रुग्णांचं बोलणं भिंतीबाहेर जाणार म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी उमटली. चावीने त्यांना समजावलं की मध्ये तिसरा कुणीच नाही. आपलं मशीन आपल्याच तळघरात राहील, त्यांचं त्यांच्या कपाटात. फक्त एकाने दुसऱ्याला ओळखायचं आणि निरोप थेट द्यायचा-घ्यायचा. ज्या खोलीत दोन्हीकडची माणसं असतील, त्या खोलीची एकेक प्रत दोन्हीकडे राहील. मॅडमनी तीन दिवस घेतले, दोन वकिलांना विचारलं आणि एक अट घातली. ज्या रुग्णाची खोली जोडायची त्याची, तो हयात नसेल तर घरच्यांची, आधी सही हवी. पहिली सही टायपिंगच्या बाईंनी केली, तोवर त्यांचा उजवा पाय आला होता.

जोडणी सोपी नव्हती. इस्पितळाची फायरवॉल नाकासमोर बघणाऱ्या पहारेकऱ्यासारखी कुणालाच आत सोडेना. मग कार्यशाळेच्या मशीनचं ओळखपत्र जुनं निघालं. चावी पाच दिवस झटत होती. सहाव्या दिवशी दुपारी तिच्या पडद्यावर ‘चाचणी’ नावाच्या खोलीत दोन शब्द उमटले.

‘येतंय का?’

‘येतंय,’ तिने लिहिलं. आणि धोबीखान्याच्या भिंतीशी एकटीच हसली.

खरं तर एवढ्यावर चाचणी संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, लांब निरोप जातात का ते बघायला हवं. आणि एक लांबलचक निरोप आला. लाकूडकाकांनी रागावून स्वतःच्याच बुटात डिंक ओतल्याची हकीकत. तिने त्याहून लांब उत्तर दिलं. मग फोटो जातात का ते पाहिलं. फळीवर ओळीने मांडलेली बारा पावलं, आणि तिकडून खाली एक ओळ, ‘ही सगळी तुमच्याकडे यायला निघालीत.’

कार्यशाळेचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. त्यामुळे तिचा प्रश्न चार दहाचा दिसायचा आणि त्याचं उत्तर चार सातचं.

‘मी विचारायच्या आधीच उत्तर देता तुम्ही,’ तिने लिहिलं.

‘तुम्ही काय विचारणार ते आताशा कळायला लागलंय.’

तिने दोन ओळी लिहून खोडल्या. मग त्याचंच आलं, ‘घड्याळ नीट करू का?’

‘करा… पण आज नको.’

संध्याकाळी साडेपाचला ती घरी जायची. घरी बाबा होते. एके काळी ते रेडिओ दुरुस्त करत, बंद पडलेला कुठलाही रेडिओ कानाशी धरून त्याचं काय दुखतंय ते सांगत. आता गेली तीन वर्षं त्यांना विसरायला होत होतं. आधी चष्मा, मग वार, मग आई वारली आहे हे. दिवसभर शेजारच्या मावशी त्यांच्याजवळ बसत. संध्याकाळ चावीची. बाबा दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न विचारत आणि ती दर पाच मिनिटांनी तेच उत्तर देई. आई कुठे गेली, या प्रश्नाला मात्र ती रोज नवीन उत्तर शोधायची, कारण खरं उत्तर दिलं की बाबा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडत.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी ‘चाचणी’त लिहून टाकलं. पलीकडून चार मिनिटं मागचं उत्तर आलं. ‘उद्या साडेपाचला मी पुलावर येतो. बस थांबते तिथपर्यंत बरोबर चालू.’

मग ते रोजचंच झालं. तो पुलापलीकडून येई, ती अलीकडून जाई. धुक्यात पुलावरचे दिवे पिवळट, ओलसर दिसत. तो फारसं बोलायचा नाही, लिहिताना मात्र भरभरून. एकदा वाऱ्याने तिची छत्री उलटी झाली, ती सरळ करताना दोघांची बोटं तारेत अडकली, आणि सुटली तरी त्याने हात लगेच मागे घेतला नाही. छत्रीची एक काडी कायमची वाकली. तिने ती दुरुस्त करायला टाकली नाही.

कामाचा रेटा वाढला तो याच सुमारास. साचेवाला एकेक खोली उघडून तिला आत बोलावू लागला. सह्या गोळा करायला तो स्वतः लोकांच्या घरी जायचा. एकूण दोनशे बारा खोल्या. निमंत्रण यायचं, ती स्वीकारायची, आणि तिथून पुढचं सगळं बोलणं आपोआप इस्पितळाच्या मशीनवरही उतरायचं. पण आधीचं, दहा-बारा वर्षांचं? ते कुणी मागे मागे वाचत गेलं तरच, तुकड्या-तुकड्याने येत राहायचं. तिने त्यासाठी प्रोग्रॅम लिहून पाहिला. कार्यशाळेचं मशीन म्हातारं. एकदम मागितलं की त्याला धाप लागायची आणि ते तासभर आडवं व्हायचं. शेवटी हातानेच करायचं ठरलं, रोज पाच-सहा खोल्या.

‘शेवटपर्यंत मागे जा,’ तो बजावायचा. ‘पहिल्या ओळीपर्यंत. अर्धवट सोडू नका.’

एवढी घाई कशाची, असं तिने एकदा विचारलं. त्याने विषय बदलला.

आणि ती वाचत गेली. ‘पावसाळी हवेत टोक बसतं ती वाटी घट्ट वाटते, त्या दिवशी एक मोजा कमी घाला.’ ‘शाळेच्या शेवटच्या पायरीवर अडखळता म्हणालात, आज जाऊन पायरी मोजून आलो. ती बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. दोष पायाचा नाही, गवंड्याचा आहे.’ एका बाईंना बाळाला कडेवर घेऊन उभं राहायचं होतं. त्यांच्यासाठी त्याने पिठाची पिशवी कडेवर घेऊन, चालून, लिहिलं होतं की तोल कुठे जातो. एक म्हातारे गृहस्थ दर सोमवारी काहीतरी लिहायचे. पाय उत्तम होता, तक्रार काहीच नव्हती. आज भाजी काय आणली, मांजर कुठे गेलं. साचेवाल्याने दर सोमवारी उत्तर दिलं होतं, चार वर्षं. त्या खोलीतली शेवटची ओळ त्याचीच होती, ‘या आठवड्यात काही लिहिलं नाहीत?’ तिच्याखाली काही नव्हतं.

चावीने पडदा बंद केला आणि धोबीखान्याच्या भिंतीला कपाळ टेकलं. माणसावर जीव जडायला त्याचा चेहरा बघावा लागतो असं तिला आजवर वाटायचं. इथे ती त्याची अकरा वर्षं उलट्या क्रमाने वाचत होती आणि दर खोलीगणिक त्याच्या आणखी जवळ जात होती, त्याला पत्ताही नसताना.

एकशे एक्केचाळिसावी खोली वेगळी होती. तीत साचेवाला बोलतच नव्हता. चामडेकाका लिहीत होते आणि कुणी कॉलेजातला मुलगा तुटक उत्तरं देत होता. ‘मला पुन्हा यायचं नाही.’ ‘नको येऊ. पण पट्टा ढिला झाला असेल, तो मीच येऊन बघतो.’ ‘सगळे बघतात.’ ‘बघू दे, दोन दिवस बघतील, मग कंटाळतील.’ पुढे पुढे मुलाची वाक्यं लांब होत गेली. मग एक दिवस त्याने विचारलं होतं, ‘काका, हे पाय कसे बनवतात ते मला शिकवाल?’

तिला कळायला वेळ लागला. मग तिने तारीख पाहिली, वय मोजलं. रोज पुलावर तिच्या बरोबरीने चालणारा तो डावा पाय…

त्या संध्याकाळी ती न ठरवता हळू चालू लागली. पुलाच्या मध्यावर तो थांबला.

“वाचलंत वाटतं.”

“हो.”

“म्हणून हळू चालताय.”

ती ओशाळली. तो नदीकडे बघत म्हणाला, “नका ना… मला तुमच्या वेगाने चालायला आवडतं. दिवसभरात तेवढंच चालणं असं असतं की मी पायाचा विचार करत नाही.”

त्यावर तिने त्याच्या कोपरात हात घातला आणि नेहमीच्या वेगाने चालू लागली. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसऱ्या बसमध्ये ती चढली, तेव्हा मावशींचे चार फोन येऊन गेले होते.

पुढच्या आठवड्यात प्रशासक मॅडमनी तिला बोलावून एक पत्र पुढे केलं. हिवाळा संपताच पुलापलीकडची कार्यशाळा बंद होणार होती. पाय यापुढे एका दिवसाच्या प्रवासावरच्या शहरात, कारखान्यात, मशीनवर घडणार होते. तिघा कारागिरांना तिथे घेणार होते, पण साचेवाला येणार असेल तरच. कारखान्याला काम हवं होतं साचेवाल्याचं, आणि त्याने दोघा काकांशिवाय यायला नकार दिला होता. पत्राच्या खाली लिहिलं होतं की हा निर्णय कार्यशाळेतल्या सर्व कर्मचाऱ्यांना गेल्या उन्हाळ्यातच कळवण्यात आला आहे.

गेल्या उन्हाळ्यातच. म्हणजे पहिल्या दिवशी, धोबीखान्याच्या भिंतीशी चहा पिताना त्याला माहीत होतं.

ती तडक पूल ओलांडून कार्यशाळेत गेली. आत ओल्या प्लास्टरचा थंड वास होता. तिला बघून दोन्ही काकांना अचानक बाहेर काहीतरी काम आठवलं.

“सांगितलं का नाहीत?” तिने विचारलं.

तो हातातला साचा पुसत राहिला. म्हणाला, इथलं मशीन भंगारात जाणार. दोनशे बारा माणसांचं दुखणं त्यात आहे, आणि ते दुसरं कुणीच कुठे लिहून ठेवलेलं नाही. कारखान्याला ते नको आहे, त्यांना फक्त मापं हवीत. तुमची चॅट आमच्याच जातीची आहे हे कळलं तेव्हा वाटलं, हे वाचवता येईल. बंद होणाऱ्या जागेशी जोडायला मॅडम तयार झाल्या नसत्या, म्हणून गप्प राहिलो.

“मॅडमना नाही सांगितलं ते समजलं. आणि मला?”

“तुम्हाला सांगायचं ते… आधी कामासाठी राहिलं. मग वेगळ्याच कारणासाठी राहिलं.”

“म्हणजे खोल्या वाचवायला मला गाठलंत.”

“खोल्यांसाठी गाठलं, हो,” तो म्हणाला. “पुलावर यायचं त्यात कुठेही नव्हतं.”

ती परतली. आठ दिवस पुलावर गेली नाही, लांबच्या रस्त्याने दुसरी बस धरली. ‘चाचणी’त एक अक्षर लिहिलं नाही. पण रोज सकाळी येऊन निमंत्रणं स्वीकारत राहिली आणि प्रत्येक खोलीच्या पहिल्या ओळीपर्यंत मागे जात राहिली. भांडण त्याच्याशी होतं, त्या माणसांशी नव्हतं. मॅडमनाही तिने स्वतःच सगळं, त्याने लपवलेलंही, सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला, आणि विचारलं एवढंच, की किती खोल्या राहिल्या आहेत.

नवव्या दिवशी तिसऱ्या वॉर्डातून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. नव्या दाखल झालेल्या एका रुग्णाचा पाय सारखा निसटत होता, आणि त्याच्या खोलीत सात वर्षांपूर्वीची एक ओळ सापडली होती, की याचा गुडघ्यावरचा पट्टा एक भोक आत घ्यावा. घेतला, आणि माणूस चालला. “कुणी लिहून ठेवलंय हो हे?” त्या विचारत होत्या.

चावीने सांगितलं कुणी ते. आणि संध्याकाळी पुलावर गेली. तो तिथे होता. नऊही दिवस होता, हे त्याने सांगितलं नाही. चामडेकाकांनी पुढे कधीतरी सांगितलं.

शेवटच्या दिवसापर्यंत दोनशे तीन खोल्या उतरल्या. सहा जणांनी सही नाकारली होती, तिघांचा पत्ता लागला नव्हता. त्या नऊ खोल्या मशीनबरोबर जाणार होत्या. साचेवाल्याने त्या पुसायच्या आधी एकेकदा उघडून पाहिल्या.

फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. भिंतीवर पावलांच्या आकाराचे फिकट डाग तेवढे उरले होते. काकांनी हत्यारं बांधून ठेवली होती. साचेवाल्याने कपाट उघडलं, मशीनला बंद व्हायचा आदेश दिला. पंख्याचा घरघराट हळूहळू खाली आला आणि थांबला. इतकी वर्षं तो आवाज त्या खोलीत होता, हे तो थांबल्यावर कळलं. चावीच्या फोनवर सगळ्या खोल्या जागच्या जागी होत्या. त्याचं लिहिलेलंही. फक्त त्या नावाने आता कधीच कुणी उत्तर देणार नव्हतं.

दोन्ही काका बाहेर गाडीत सामान चढवत होते.

“एकदाही विचारलं नाहीत,” ती म्हणाली.

“काय?”

“येशील का, असं.”

“विचारलं असतं तर?”

“नाही म्हटलं असतं. बाबांना ते घर सोडून दुसरी जागा कळणार नाही. पण विचारायचं होतं.”

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच त्याने तुम्ही म्हटलं नाही. “येशील?”

“नाही.” तिचा आवाज चिरकला. तिने तो सावरला. “आता मी विचारते. थांबशील?”

 बाहेर लाकूडकाका पेटी उचलताना खोकत होते, आणि चामडेकाका त्यांना ओरडत होते की कंबर सांभाळ.

“मी नाही गेलो तर त्यांना कुणी घेणार नाही,” तो म्हणाला. “नाही… थांबता येणार नाही.”

मग ती दोघं तशीच उभी राहिली, एकमेकांना नाही म्हटलेली. तिने त्याचा पांढुरका हात गालाशी धरला. प्लास्टरची बारीक पूड ओल्या गालावर चिकटली. गाडीचा भोंगा एकदाच वाजला, तोही दबकतच.

पुढचे सहा आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. दोघं एकमेकांना फोन करत, पण फोनवर त्याला बोलताच यायचं नाही. जेवलीस का, जेवलो, थंडी आहे, इथेही आहे, आणि मग नुसता एकमेकांचा श्वास. पूल ओलांडायचं तिला कारण नव्हतं. छत्री एका वादळात पुरती मोडली, ती तिने टाकून दिली. इस्पितळात लोक त्या खोल्या वाचून पट्टे आवळत, मोजे बदलत, आणि चावी सगळ्यांचे पासवर्ड आठवून देत राहिली.

मग एका संध्याकाळी, बाबांना वरणभात कालवून देत असताना, तिचा फोन थरथरला. अनोळखी मशीनवरून एका खोलीचं निमंत्रण आलं होतं. खोलीला नाव नव्हतं.

तिने हात धुतले, पुसले, आणि स्वीकारलं.

‘जुनं छोटं मशीन घेतलं,’ आत लिहिलेलं होतं. ‘भाड्याच्या खोलीत खिडकीत ठेवलंय. माझं स्वतःचं. त्यात अजून ही एकच खोली आहे. माझं बंद पडलं तरी तुझ्याकडे राहील, तुझं बंद पडलं तरी माझ्याकडे. माझं तुझ्यावर प्रेम आहे हे तोंडाने सांगायचं राहून गेलं. इथे लिहितो, म्हणजे दोन्हीकडे राहील. पुढच्या महिन्यात दोन दिवस येतोय. नंतरच्याही महिन्यात. किती वर्षं असं यावं लागेल ते माहीत नाही. चालेल?’

पडद्यावरची अक्षरं पुसट झाली. तिने डोळे मनगटाने पुसले आणि लिहिलं, ‘चालेल. माझंही आहे… किती दिवसांपासून ते तू आलास की सांगते.’

बाबा जेवायचे थांबून तिच्याकडे बघत होते.

“कोण गं?” त्यांनी विचारलं.

हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशींना नाही, मॅडमना नाही. तिने त्यांच्या ताटातला भात उगाच सारखा केला.

“माझा माणूस आहे, बाबा.”

“काय करतो?”

“पाय बनवतो. ज्यांचे गेलेत त्यांच्यासाठी.”

बाबांनी विचार केला. “चांगलं काम आहे,” ते म्हणाले. “लांब असतो का?”

“लांब असतो. पण येणार आहे.”

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला ते पुन्हा थांबले, फोनच्या उजेडाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे.

“कोण गं?”

या वेळी तिने ताटाकडे पाहिलं नाही. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताट रिकामं होईपर्यंत बाबांनी आणखी चारदा विचारलं, आणि चारही वेळा तिने त्यांना तीच नवी बातमी सांगितली.